बसल्या जागी वल्हवणे

दुसऱ्याचा दंड चाचपण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी, ही साधी गोष्ट व्यायामशाळेत पाऊल टाकताच माणसे का विसरतात, हे मला अजून उलगडलेले नाही. आज सकाळी एका गृहस्थांनी माझा उजवा दंड, सायकलच्या चाकातली हवा पाहावी तसा, अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबला आणि "इथे अजून काही नाही" असा निकाल आसपासच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला. त्या वेळी मी रोइंग मशीनवर होतो, पाय पट्ट्यांत अडकलेले होते आणि श्वास फुलला होता. त्यामुळे निकालाविरुद्ध अपील करणे शक्य झाले नाही.

खांदे, पाठ आणि दंड यांत थोडी ताकद यावी म्हणून मी या यंत्रावर बसतो. रुळावर सरकणारी बैठक, साखळीला जोडलेली मूठ आणि समोर जाळीत फिरणारे पंख्याचे चाक, एवढाच त्याचा पसारा असतो. आधी पायांनी रेटायचे, मग कमरेतून मागे झुकायचे आणि मूठ गुडघ्यांवरून आत आल्यावरच कोपर वाकवायचे. परतताना हाच क्रम उलट्या बाजूने. हे गृहस्थ शेजारच्या यंत्राच्या बैठकीवर आडवे पाय सोडून बसतात. त्यांच्या गळ्यात कोरडाठक्क टॉवेल असतो आणि त्यांनी मूठ हातात घेतल्याचे मी कधीही पाहिलेले नाही.

"झोप लागली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी मिनिटाला १८ ओढी या संथ गतीने वल्हवत होतो. ताकदीसाठी वल्हवताना घाई करायची नसते. प्रत्येक ओढ जीव तोडून घ्यायची आणि पुढे सरकताना तिच्या निदान दुप्पट वेळ घ्यायचा.

"नाही काका, परत येतोय."

"कुठून?"

"मागून पुढे."

"पण वल्हवणाऱ्याची तर पाठ पुढे असते. नाव पाठीकडे जाते ना?"

"खऱ्या नावेत जाते."

"मग तुम्ही आत्ता पुढे येताय की मागे जाताय?"

प्रश्न तर्काला धरून होता, याचाच मला जास्त राग आला. बिनतोड उत्तर देण्यासाठी जो एक श्वास शिल्लक असावा लागतो, तो माझ्यापाशी नव्हता. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावून काकांनी मान लांब करून पडद्यावरचा आकडा वाचला. ५०० मीटरला २ मिनिटे ३० सेकंद.

"अडीच? दोनवर आणा की! तीस सेकंदांचा तर प्रश्न आहे."

हे तीस सेकंद म्हणजे काय, हे बसून पाहणाऱ्याला कळत नाही. वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अडीच मिनिटांच्या गतीला सुमारे १०४ वॅट पुरतात, तर दोन मिनिटांच्या गतीला सुमारे २०३ वॅट लागतात. म्हणजे काका माझ्याकडे सहजपणे आणखी एक मी मागत होते. हे मी धापा टाकत तुकड्यातुकड्यांनी सांगत असतानाच त्यांनी वाकून माझ्या चाकाची कळ ४ वरून थेट १० वर नेली. "चारवर काय ताकद येणार?" ही कळ चाकाच्या जाळीत हवा किती शिरावी एवढेच ठरवते. हवा जास्त शिरली की दोन ओढींच्या मध्ये चाक लवकर मंदावते आणि पुढची ओढ जड लागते. जोर किती लावायचा हे त्यानंतरही ओढणाऱ्याच्याच हाती राहते, आणि कसलेले वल्हेकरीही बहुधा ३ ते ५ च्या आसपासच कळ ठेवतात. पण कळीवर दहापर्यंत आकडे छापले की दहा म्हणजे मर्दुमकी असे कुणाला तरी वाटणारच.

यानंतर तो दंड चाचपण्याचा प्रकार घडला, आणि पाठोपाठ खुलासा आला: "हा सगळा पायांचा व्यायाम आहे. याच्यापेक्षा घरी बैठका काढा."

पायांचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे मलाही ठाऊक आहे. परंतु उरलेले ओझे पाठीचे रुंद स्नायू, दोन फऱ्यांमधले स्नायू, खांद्यांची मागची बाजू, दंडांची पुढची बाजू आणि मूठ आवळणारे हात यांनाच उचलावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना ते सगळे आपापली हजेरी देतात. छाती आणि दंडांची मागची बाजू यांना मात्र इथे फारसे काम मिळत नाही, कारण हा ओढण्याचा व्यायाम आहे, ढकलण्याचा नाही. म्हणून मी जोरही काढतो. ते काढताना काका नेमके दुसरीकडे पाहत असतात.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या खाब्रिअस या सेनानीने नवख्या खलाशांना समुद्रकिनारी लाकडांवर बसवून कोरड्या जमिनीवर वल्हवायला शिकवले होते, असे जुने उल्लेख सांगतात. त्या खलाशांच्या बाजूलाही कुणी टॉवेल घेऊन बसले असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. फरक इतकाच की खलाशांना त्याचा पगार मिळत असे, आणि मी वर्गणी भरतो.

खरे सांगायचे तर टोचते ते वेगळेच. पलीकडे एक धिप्पाड तरुण पाठीची कमान करून, चुकीच्या पद्धतीने, प्रचंड वजन उचलत होता. त्याला कुणी एक अक्षर बोलले नाही. सल्ला नेहमी बारीक दंडांच्याच वाट्याला येतो. अशक्त माणसाचे शरीर म्हणजे जणू सार्वजनिक मालमत्ता. कुणीही यावे, दाबून पाहावे, मत द्यावे.

शेवटी न राहवून मी विचारले, "काका, तुम्ही का वल्हवत नाही?"

"डॉक्टरांनी मनाई केलीय. कंबर गेली."

"कशाने?"

"ह्याच यंत्राने. दहावर ठेवायचो," ते म्हणाले, आणि तेवढ्यात शेजारी नव्याने येऊन बसलेल्या मुलीच्या कळीकडे त्यांचा हात गेला.