एका 'फ्री'ला एक शब्द चिकटवला आणि मोकळे झाले!

डोकं फिरलंय आज. डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचं अ‍ॅप, इंग्रजीतून नॉर्वेजियन मीच करून दिलेलं, आज लाइव्ह झाल्यावर उघडून बघते तर रिकाम्या स्लॉटपुढे 'ग्राटिस'. ग्राटिस म्हणजे फुकट! मंगळवार, सकाळी साडेनऊ, फुकट! अहो तिथे 'लेदिग' म्हणजे रिकामं हवं, मी तेच दिलेलं, पण कुणा शहाण्याला भाषांतराच्या शीटमध्ये इंग्रजी 'फ्री' परत परत दिसलं म्हणून त्याने डुप्लिकेट समजून बाकीच्या ओळी उडवल्या आणि उरली ती नेमकी लहान मुलांच्या तपासणीची. नॉर्वेत १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरकडे पैसे पडत नाहीत, तिथे ग्राटिस बरोबरच होतं. पण मोठ्यांना 'एगेनआन्देल' म्हणजे आपला वाटा भरावाच लागतो. आता एखादे आजोबा फुकट समजून जाणार, हातात बिल पडणार, आणि शिव्या कुणाला? भाषांतर करणारीला.

अ‍ॅपवाल्यांना विचारलं तर म्हणे, "एवढासा शब्द आहे, त्यात काय!" एवढासा आहे म्हणूनच तर! एसटीतल्या रिकाम्या सीटला आपण फुकट सीट म्हणतो का? मग त्यांनी का म्हणावं? पैसे पडत नसतील तर ग्राटिस, जागा किंवा वेळ रिकामी असेल तर लेदिग, बंधन नसेल किंवा कामाला सुट्टी असेल तर त्यांचाही 'फ्री'च, उच्चारसुद्धा तोच, आणि सगळे घसरतात ते तिथेच. बरं त्या फ्रीचं नपुंसकलिंगात फ्रित होतं, अनेकवचनात फ्रीए, मग पुढे नाम कुठलं आहे ते कोण सांगणार मला? कॉमेंटचा रकाना कायम रिकामा. स्क्रीनशॉट मागितला की मेलला उत्तर नाही.

आणि ते भाषांतराचं टूल! मी जागा बघून वेगवेगळे शब्द दिले की लाल रंगात 'विसंगत भाषांतर'. वर तोच शब्द पुन्हा आला म्हणून '१००% मॅच', म्हणजे आधीच भाषांतर झालेलं, म्हणून त्याचे पैसे कापले. म्हणजे विचार मी प्रत्येक ठिकाणी नव्याने करायचा आणि पैसे एकदाच!

मागच्या एका कामात 'दोन तिकिटं लेफ्ट' होतं, तिथे 'इयेन' म्हणजे उरली असं हवं, तर मशीनने आधीच 'व्हेन्स्त्रे' भरून ठेवलेलं, म्हणजे डावीकडे. दोन तिकिटं डावीकडे! त्याआधी एका महाभागाने 'स्मोक' आणि 'फ्री' वेगवेगळ्या ओळींत पाठवले, कोडमध्ये मध्ये स्पेस टाकून जोडणार म्हणे. नॉर्वेजियनमध्ये 'रॉइकफ्रित' सलग लिहिलं तर धूम्रपानमुक्त, तोडून 'रॉइक फ्रित' लिहिलं तर खुशाल ओढा सिगरेट. ज्या देशाने २००४ मध्ये रेस्टॉरंट आणि बारमधली सिगरेट बंद केली तिथे हा बोर्ड लावणार होते हे! बूकमोल हवंय की नीनोश्क हे विचारलं तर उलट मलाच प्रश्न, "नॉर्वेजियन एकच असते ना?"

नाही. लेखी नॉर्वेजियन दोन आहेत, आणि 'फ्री'चे अर्थ एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. प्रत्येक ओळीला वेगळी की, म्हणजे तिची स्वतःची ओळख द्या, शब्द कुठल्या स्क्रीनवर आहे ते लिहा, ते 'ग्राटिस' आजच्या आज काढा. आणि मॅचच्या नावाखाली कापलेले माझे पैसे परत करा, त्याशिवाय पुढची फाइल मी उघडणार नाही.