लॉकअप ‘डायरेक्ट’ करायला सांगणारा तो मेसेज

‘जुन्या ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लॉकअप एका टॉगल स्विचवर डायरेक्ट करा आणि ४० टक्के ॲव्हरेज वाढवा.’ या मथळ्याचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. खाली सहा मुद्दे आणि डॅशबोर्डवर बसवलेल्या स्विचचा फोटो. मी दुर्लक्ष करत होतो. काल माझ्या मेव्हण्याने तोच मेसेज मला पाठवला, खाली एक ओळ जोडून : ‘स्विच आणलाय, रविवारी बसवतो.’ त्याची पिकअप १९८४ची, कार्ब्युरेटरवाली शेवरलेट, गिअरबॉक्स ७००आर४, म्हणजे जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. त्यामुळे हे रविवारच्या आत लिहायलाच हवं.

आधी लॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, त्या तेलाने समोरचा टर्बाइन फिरतो आणि परत येणारं तेल मधला स्टेटर वळवून देतो. गाडी उभ्याने सुटते तेव्हा यामुळेच टॉर्क जवळपास दुपटीने मिळतो. वेग धरल्यावर टर्बाइन पंपापेक्षा थोडा मागेच राहतो. ही घसर, आणि घसर म्हणजे तेलात जाणारी उष्णता. लॉकअप क्लच टर्बाइनला थेट कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणावर दाबून धरतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीसारखे पक्के जोडले जातात. पण मॅन्युअल गाडीत क्लचवर ड्रायव्हरचा डावा पाय असतो. इथे तो नाही. ब्रेकचा स्विच, व्हॅक्यूम स्विच आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच हे तिघे मिळून त्या डाव्या पायाचं काम करतात. मेसेज नेमके हेच तिघे काढून टाकायला सांगतो.

‘४० टक्के ॲव्हरेज’

हे हिशेबातच बसत नाही. ७००आर४च्या चौथ्या गिअरचा रेशो ०.७०. मागच्या ॲक्सलचा रेशो ३.४२ आणि टायरचा व्यास ७२ सेंटिमीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला लॉकअप लागलेलं असताना इंजिन साधारण १७६० आरपीएमवर फिरतं. लॉकअप सुटलेलं असताना ८ टक्के घसर धरा, आकडा १९१० ते १९२० होईल. फरक दीडशे आरपीएमचा. जे मुळात ८ टक्के वाया जातंय, त्यातून ४० टक्के परत कसे मिळणार? सपाट हायवेवर एका वेगात लांब पल्ला मारला तर काही टक्के नक्की वाचतात, ते मी नाकारत नाही. थांबत-सुटत चालणाऱ्या गाडीला जवळपास काहीच नाही, कारण तिथे लॉकअप लागायलाच नको.

‘लॉकअप फक्त टॉप गिअरमध्येच लागतं, त्यामुळे स्विच कायम चालू ठेवा’

चूक. ७००आर४मध्ये सोलेनॉइडला (लॉकअपचं तेल वळवणारा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) सप्लाय आणि अर्थ (गाडीच्या बॉडीशी जोड) दोन्ही मिळाले, की दुसऱ्या गिअरपासूनच लॉकअप लागू शकतं. ते चौथ्यात लागतं हा गिअरबॉक्सचा अंगचा गुण नाही, ते चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचचं काम आहे. हा स्विच तेलाच्या पॅनच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवर (तेलाचा दाब कुठे जायचा ते ठरवणाऱ्या भागावर) असतो. एका टोकाचा असला तर चौथ्या गिअरचं तेल आल्यावर तो स्वतःच्या बॉडीतून अर्थ देतो. तो बाजूला काढून सोलेनॉइडची परतीची वायर सरळ बॉडीला लावली, की दोन-तीन आणि तीन-चार हे गिअर लॉकअप लागलेलं असतानाच बदलतात. एरवी कन्व्हर्टरमधलं तेल जो धक्का पचवतं, तो मग क्लचच्या प्लेटींना आणि शाफ्टला सोसावा लागतो.

आणि चौथ्यात असलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वरच्याच गाडीचा वेग ताशी ६० करा : चौथा गिअर, लॉकअप लागलेलं, इंजिन जेमतेम १०६० आरपीएमवर. तिथे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन दबतं आणि नॉक करायला लागतं. या गिअरिंगला ताशी ६५-७०च्या खाली लॉकअप लागू देऊ नये.

‘ब्रेकचा स्विच कंपनीने पैसे काढायला लावलाय, तो डायरेक्ट करा’

सगळ्यात घातक मुद्दा हा, आणि लोक अगदी आनंदाने पुढे पाठवतात तोही हाच. जनरल मोटर्सच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली लॉकअपची वायरिंग उघडून बघा. कॉम्प्युटर असलेल्या गाडीत १२ व्होल्ट इग्निशनकडून फ्यूजमधून आधी ब्रेक पेडलवरच्या स्विचला जातात. तिथून गिअरबॉक्सच्या कनेक्टरच्या ए पिनला, मग सोलेनॉइडमधून डी पिनने बाहेर. कॉम्प्युटरच्या हातात फक्त या परतीच्या वायरचा अर्थ असतो. म्हणजे कॉम्प्युटर असूनही लॉकअप सोडवण्याचं काम त्याच्या एकट्यावर टाकलेलं नाही. पेडलवर पाय पडला की सप्लायच तुटतो, कॉम्प्युटर काहीही सांगत असो. मेसेज लिहिणाऱ्याने ही एक आकृती पाहिली असती, तरी हा मुद्दा लिहिला नसता.

‘आम्ही डायरेक्ट केलंय, गाडी सिग्नलला कधी बंद पडत नाही’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. सावकाश थांबताना गिअर चार-तीन-दोन-एक असे उतरतात, आणि पहिल्यात लॉकअप लावणारा तेलाचा दाबच उरत नाही, म्हणून ते आपोआप सुटतं. आता ओला रस्ता घ्या. ताशी ८०चा वेग, समोर अचानक काही आलं, पाय ब्रेकवर आणि मागची चाकं जाम. गव्हर्नरचा (गाडीच्या वेगाप्रमाणे तेलाचा दाब देणारा भाग) दाब पडून गिअर पहिल्यावर यायला क्षणभर तरी लागतोच. तेवढ्या वेळात लॉकअपने बांधलेलं इंजिन चाकांबरोबर शून्यावर येतं आणि बंद पडतं. पॉवर स्टिअरिंगची मदत गेली. ब्रेक बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरता. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि हे सगळं नेमकं ज्या क्षणी दोन्ही हवे होते त्या क्षणी. यात ॲव्हरेजचा काही संबंध उरत नाही.

ब्रेकचा स्विच नीट आहे का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. इंजिन तापलेलं, मोकळा सपाट रस्ता, चौथा गिअर, ताशी ८० ते ९०, ॲक्सिलरेटर स्थिर. डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करा, ब्रेक लागू देऊ नका. टॅकोमीटरचा काटा शंभर-दीडशेने वर चढला आणि पाय काढल्यावर पुन्हा खाली बसला, तर लॉकअप लागतंही आहे आणि सुटतंही आहे. काटा हललाच नाही, तर एकतर ते लागत नाहीये किंवा सुटत नाहीये. इंजिन बंद करून ए आणि डी पिनमध्ये मल्टीमीटर लावा. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स २० ते ४० ओहम असायला हवा. २०च्या खाली असेल तर सोलेनॉइड बदला, कारण कॉम्प्युटरच्या गाडीत कॉम्प्युटरमधला सोलेनॉइड चालवणारा भागच जळतो.

‘व्हॅक्यूम स्विचची गरज नाही’

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, स्विच उघडतो, लॉकअप सुटतं आणि कन्व्हर्टर पुन्हा टॉर्क वाढवून देतो. हा स्विच काढला की चढावर भरलेली गाडी आणि पूर्ण थ्रॉटल असा सगळा भार लॉकअपच्या एका पातळ लायनिंगवर येतो. लायनिंग घसरून जळतं आणि त्याचा चुरा तेलाबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत जातो. व्हॅक्यूम पाऱ्याच्या १० ते १२ इंचांवर असताना लॉकअप लागावं आणि ५ ते ७ इंचांना सुटावं. या दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर हलक्या चढावर ते सारखं लागत-सुटत राहतं. डिझेल इंजिनला थ्रॉटलचा व्हॅक्यूम नसतो, तिथे पंपाच्या लिव्हरवर मायक्रोस्विच बसवावा लागतो.

‘टीव्ही केबल दोन खाचा ढिली करा, लॉकअप लवकर लागेल’

हे वाचून खरंच राग आला. टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, थ्रॉटल किती उघडलाय ते गिअरबॉक्सला सांगते, आणि त्यावर क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब ठरतो. ढिली केली की गिअर लवकर आणि मऊ पडतात, गाडी छान चालतेय असं वाटतं. प्रत्यक्षात भार आल्यावर दाब कमी पडतो आणि तीन-चारचा क्लच घसरू लागतो. तो जळाला की तिसरा आणि चौथा दोन्ही गिअर गेले, कारण दोघांना क्लच एकच. नुकसानीला फार किलोमीटर लागत नाहीत. ज्याने कोणी केबल ढिली केली असेल, त्याने आजच लावून घ्यावी : इंजिन बंद, ॲडजस्टरचं बटण दाबून स्लायडर थ्रॉटलपासून दूर शेवटपर्यंत सरकवा, बटण सोडा, मग थ्रॉटल लिव्हर हाताने पूर्ण उघडा. स्लायडर टकटक करत आपल्या जागी येतो. कार्ब्युरेटर बदललेला असेल तर लिव्हर आणि ब्रॅकेटही त्याच मापाचे हवेत, नुसती केबल ओढून भागत नाही. शेवटी गेज लावून दाब बघा.

‘लॉकअप लावलं की गिअरबॉक्स तापत नाही, थरथर आली तर ॲडिटिव्ह टाका’

पहिला भाग अर्धा खरा आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे इथे चौथ्या गिअरमध्ये, लॉकअप सुटलेलं ठेवून ट्रेलर ओढला की तेल भरपूर तापतं. पण त्यावर उपाय लिव्हर तिसऱ्यावर आणणं हा आहे, चौथ्यात जबरदस्तीने लॉकअप धरून ठेवणं नाही. थरथरीचं म्हणाल तर आधी प्लग आणि वायर बघा. इंजिन मिसिंग मारत असेल तर एरवी कन्व्हर्टरचं तेल ते लपवतं, लॉकअप लागलं की तेच उघडं पडतं. ॲडिटिव्हची बाटली मिसिंग बरं करत नाही.

‘सगळ्या जुन्या ट्रकना चालतं’ हेही नाही. फोर्डच्या एओडी गिअरबॉक्समध्ये लॉकअपची वायरच नाही. तिथे तिसऱ्यात ६० टक्के टॉर्क आणि चौथ्यात सगळाच वेगळ्या शाफ्टमधून थेट जातो. क्रायस्लरच्या ४७आरएच गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप असे दोन सोलेनॉइड आहेत. चुकीच्या वायरला अर्थ दिला तर लॉकअपऐवजी ओव्हरड्राइव्ह लागतं.

स्विच आणलाच आहे, तर तो असा लावावा. इग्निशनचा सप्लाय, ५ अँपिअरचा फ्यूज, मग हा टॉगल, मग ब्रेक स्विच (पाय काढलेला असताना जोडलेला राहणारा), मग व्हॅक्यूम स्विच, मग ए पिन. सोलेनॉइडची परतीची वायर चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचला. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर एक अँपिअरचा साधा डायोड, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे, म्हणजे सप्लाय तुटताना उठणारी ठिणगी स्विचचे पॉइंट खाणार नाही. करंट अर्धा अँपिअरच असतो, जाड वायर लागत नाही. अशा जोडणीत टॉगलने लॉकअप बंद करता येतं, जबरदस्तीने लावता येत नाही. इंजिन गार असताना आणि वर सांगितलेल्या वेगाच्या खाली ते बंदच ठेवावं. तिसऱ्यात ट्रेलर ओढताना लॉकअप हवं असेल, तर दुसरा टॉगल फक्त प्रेशर स्विचला समांतर जोडता येतो. मात्र तो तिसरा धरल्यावरच टाकायचा आणि ओढण्याचं काम संपलं की लगेच बंद करायचा. ब्रेक स्विचला समांतर काहीही जोडायचं नाही.