गोळीचा खाडा का पडतो, हे आधी विचारा

सोलापूरच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. एका डॉक्टर मित्राने लिहिलं की बीपीच्या पेशंटला गोळ्या लिहून दिल्या, त्याने थोड्या दिवसांत परस्पर सोडल्या, आता अर्धांगवायू होऊन आलाय आणि नातेवाईक विचारतायत की डॉक्टर तुम्ही काय केलं, आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाहीच. त्यावर लगेच दुसरी बाजू, की डॉक्टर कमिशनसाठी महागड्या कंपनीचं लिहितात, परवडत नाही म्हणून लोक सोडतात, जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने मिळणारी स्वस्त गोळी, सक्तीचं करा, सगळं जागेवर येईल. मी भवानी पेठेत वाढले आणि आता बर्मिंगहॅममध्ये मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट आहे, दिवसभर हेच बघते, आणि मला दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतं.

आधी पैशाचं बघू. इंग्लंडमध्ये ६० वर्षांच्या पुढे औषधं फुकट. डायबेटिसची औषधं चालू असतील तर एक सर्टिफिकेट मिळतं आणि मग त्या माणसाची सगळीच औषधं फुकट. बाकी कमावत्या लोकांना एका औषधामागे ९.९० पाउंड, २०२४ पासून हा दर आहे. वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून तर कोणालाच काही द्यावं लागत नाही. डॉक्टर बहुतेक वेळा जेनेरिक नावानेच लिहितात, कुठल्या कंपनीची गोळी द्यायची ते दुकान ठरवतं. म्हणजे ग्रुपवर जे मागतायत ते इथं बऱ्यापैकी आहे. तरी २००९ साली इथल्या नाइस या सरकारी संस्थेने डॉक्टरांसाठी सूचना काढल्या त्यात स्पष्ट म्हटलंय की कायमच्या आजारांसाठी लिहिलेल्या औषधांपैकी एक तृतीयांश ते निम्मी औषधं सांगितल्याप्रमाणे घेतलीच जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या रिपोर्टमध्येही श्रीमंत देशांचा आकडा साधारण ५० टक्केच होता.

पैशाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये, इथं दमा फुकटच्या यादीत नाही, आणि हातात तीन औषधांची चिठ्ठी घेऊन ‘ह्यातलं कुठलं नाही घेतलं तर चालेल’ असं हळू आवाजात विचारणारी तरुण माणसं मी बघितलीत, फार वाईट वाटतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले ते चांगलंच झालं. पण मोफत केलं तरी पुढचा प्रश्न शिल्लक राहतोच.

आता शिस्तीचं. मला ह्या शब्दाचा खरंच राग येतो. जी माणसं बारा-बारा तास यंत्रमागावर उभी राहतात, ज्या बायका घरचं सगळं आवरून रोजच्या बिड्या मोजून कारखान्यात देऊन येतात, त्यांना शिस्त नाही? त्यांनी गोळी सोडली असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि बऱ्याचदा ते त्यांच्या जागी बसून बघितलं तर अगदी बरोबर असतं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी घ्या, जिला लोक पाण्याची गोळी म्हणतात. सकाळी घेतली की दोन-तीन तासांत परत परत जावं लागतं. माग चालू असताना कामगार जाणार कसा, धागा तुटला तर कोण बघणार, आणि बायकांचं तर विचारूच नका, कामाच्या ठिकाणी धड सोय नाही आणि घरी नळाला पाणी कधी येईल ते ठरलेलं नाही. मग ती गोळी कामाच्या दिवशी घेतली जात नाही, फक्त सुट्टीच्या दिवशी घेतली जाते. इथं बर्मिंगहॅमला बस ड्रायव्हर अगदी हेच करतात. यावर उपाय आहे, गोळीची वेळ बदलता येते, दुसऱ्या प्रकारची गोळी देता येते, फक्त डॉक्टरला ते कळायला पाहिजे.

किंवा उपास. आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, कोणाचे रोजे. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी पोटात अन्न नसताना घेतली तर शुगर खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. घरातले म्हणतात गोळी बाधली. आणि बाधलीच ना! त्या बाईने अंगाने अनुभवलंय, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की उपासाच्या दिवशी हिचं वेगळं असतं. ती दुसऱ्या दिवसापासून बंद करते आणि वरून तिलाच अडाणी म्हणतात. इथं रमजान यायच्या आधी दुकानात मुद्दाम विचारलं जातं, रोजे धरणार का, मग वेळा आणि डोस डॉक्टरकडून बदलून घेतात. श्रावणाआधी असं आपल्याकडे का होऊ नये?

शुगरच्या मेटफॉर्मिन या गोळीने सुरुवातीला बऱ्याच जणांचं पोट बिघडतं, चाळीत चार घरांत एक संडास असेल तर तो माणूस किती दिवस कळ काढेल. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी लालसर केशरी होते, आधी सांगितलं नसेल तर माणसाला वाटतं रक्तच जातंय. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि घरात सगळे म्हणतात धूळ बसली छातीत. सोलापूरच्या मे महिन्यात तर ‘गोळ्या उष्ण पडतात, पाऊस पडला की परत चालू करू’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे काही होतच नाहीये. बीपी दुखत नाही. डोकं दुखलं तर माणूस गोळी मागून घेतो, पण बरं वाटत असताना रोज गोळी घ्यायची म्हणजे रोज आपण आजारी आहोत हे स्वतःला सांगायचं.

माझी मावशी बीपीची गोळी दिवसाआड घ्यायची. तिचं म्हणणं, ‘रोज घेतली की सवय लागते गं, मग शरीर तिच्याशिवाय चालत नाही.’ डॉक्टरांनी विचारलं की ‘घेतेय की रोज’ म्हणायची, कारण नाही म्हटलं की ते सगळ्यांसमोर ओरडायचे. तपासणीच्या आधी मात्र चार दिवस नीट घ्यायची, तरी बीपी जास्तच निघायचं, मग डॉक्टर डोस वाढवायचे, मग दुसरी गोळी जोडायचे. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच करत होते, त्यांच्यासमोरच्या कागदावर ती रोज गोळी घेत होती. पुढे पाय घसरून ती ॲडमिट झाली तेव्हा नर्सने चिठ्ठीप्रमाणे सगळ्या गोळ्या रोज वेळेवर दिल्या आणि बीपी इतकं खाली गेलं की उठून बसता येईना. ओरडण्याची ही किंमत असते. आपण ओरडलो की पेशंट खोटं बोलतो आणि मग पुढचा सगळा उपचार त्या खोट्यावर चालतो.

जेनेरिकच्या वादात पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहायचा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला, तेव्हापासून भांडण फक्त क्वालिटी आणि कमिशन यावर चाललंय. क्वालिटीची तपासणी कडक पाहिजेच, वादच नाही. पण पेशंटच्या हातात काय पडतं ते बघा ना. गेल्या वेळची गोळी पांढरी गोल, ह्या वेळी गुलाबी लांबट. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटवर २०१४ साली एक अभ्यास आला होता, गोळीचा रंग बदलला की औषध बंद होण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलला की ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिकडे शिकलेल्या लोकांचं हे. आपल्याकडे तर स्ट्रिप कापून देतात, दहातल्या चार गोळ्या, नाव अर्धं कापलेलं, तारीख उरलेल्या तुकड्यावर, आणि घ्यायची कशी ते मागे पेनाने मारलेल्या रेघांवरून ओळखायचं. इथं प्रत्येक डब्यावर पेशंटचं नाव आणि ‘दिवसातून एकदा एक’ असं छापलेलं लेबल लावल्याशिवाय औषध हातात देताच येत नाही. जेनेरिक जरूर द्या, पण देताना ‘रंग बदललाय, औषध तेच आहे’ एवढं वाक्य तरी बोला.

इथली मला खरोखर आपल्याकडे न्यावीशी वाटणारी गोष्ट कुठली, तर २०११ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली नव्या औषधाची सेवा. बीपी, शुगर, दमा अशा आजारांची गोळी पहिल्यांदा चालू झाली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी दुकानातून फार्मासिस्ट फोन करतो, परत दोन-तीन आठवड्यांनी एकदा. आणि विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. ‘घेताय ना नीट?’ असं विचारलं की कोणीही हो म्हणेल. आम्ही विचारतो की बऱ्याच जणांची अधूनमधून राहून जाते, तुमची गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली? मग माणूस मोकळा होतो. कोणी म्हणतं गोळी मोठी आहे, गिळता येत नाही, कोणी म्हणतं इंटरनेटवर वाचून घाबरलो. इथं सगळं छान आहे असं अजिबात नाही, लोक फोन उचलत नाहीत, काउंटरवर गर्दी असली की हे कॉल मागे पडतात, आणि माणूस गेल्यावर घरचे न उघडलेल्या डब्यांच्या पिशव्या आणून देतात त्या आम्ही नष्ट करायला पाठवतो, दर महिन्याला औषध नेलं म्हणजे घेतलं असं सगळे धरून चालले होते.

आपल्याकडे एका आजारात पेशंटच्या मागे कोणीतरी असतं, टीबी. समोर गोळी गिळायला लावायची, फोन करायचा, घरी जायचं, पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. पण टीबीची साधी ट्रीटमेंट सहा महिन्यांची. बीपी-शुगर मरेपर्यंत आहे, तिथं रोज पहारा ठेवता येत नाही, तिथं अधूनमधून विचारणारं माणूस लागतं, आणि डॉक्टर मित्राला एवढ्या गर्दीत वेळ नाही हे मला मान्य आहे.

पण पेठेतला मेडिकलवाला? त्याला घराघरातली माणसं माहिती असतात, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू सगळं बोलतो, आणि त्याच्याकडे डॉक्टरकडेही नसलेली माहिती असते, ३० गोळ्या नेलेला माणूस ५० दिवसांनी परत आला तर वीस दिवसांचा खाडा पडलाय हे त्याला दिसतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे. अडचण ही की बऱ्याच दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि काउंटरवर मात्र दहावी झालेलं पोरगं. त्या पोराचा दोष नाही, पण त्याला पगार गोळ्या विकायचा मिळतो. इथं ह्या फोनचे सरकार दुकानाला वेगळे पैसे देतं, म्हणून तो होतो. सोलापुरात दुकानदाराने स्वतःच्या खिशातून हे करावं असं म्हणणं अन्यायाचं होईल. महापालिकेने एक भाग निवडावा, विडी घरकुल घ्या नाहीतर अशोक चौकाच्या मागचा यंत्रमागाचा भाग, फक्त बीपी आणि शुगर, फक्त ज्या दुकानांत खरा फार्मासिस्ट बसतो तिथं, आणि नव्या पेशंटशी दोनदा बोलल्याचे ठरावीक पैसे द्यावेत. डॉक्टर मित्राने तेवढं करावं की मेडिकलवाल्याचा फोन आला, की हा माणूस पाण्याची गोळी घेत नाहीये, तर फोन ठेवून न देता गोळी बदलून द्यावी.