न्हाणीघरातला कोळी आणि सिडनीची बरणी

गोव्यातल्या सावईवेऱ्याचे आमचे कौलारू घर यंदा मे महिन्यात पुरते शाकारून घेतले. कौले उतरली तेव्हा माळ्यावर पिढ्यानपिढ्या मुक्कामाला असलेले कोळी खाली आले आणि न्हाणीघरात, पडवीत, कोनाड्यांत पसरले. त्यांतला तळहाताएवढा एक कोळी एका संध्याकाळी ऐन आरतीच्या वेळी देवघराच्या चौकटीवर दिसला आणि वहिनीच्या हातातले निरांजन खाली पडले. त्या दिवसापासून घरात वाद चालू आहे. वहिनीचे म्हणणे असे की चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आत घरभर औषध मारून घ्यावे आणि पेस्ट कंट्रोलवाल्याशी वर्षाचा करारच करून टाकावा. बारावीत शिकणारा माझा भाचा म्हणतो की एकाही कोळ्याला हात लावायचा नाही. दादाला दोघांचेही पटते, आणि म्हणून त्याने प्रश्न माझ्याकडे पाठवला आहे: "तू तर कोळ्यांच्याच देशात राहतेस, तूच सांग."

मी सिडनीच्या उत्तरेकडच्या हॉर्न्सबी या उपनगरात चौदा वर्षे राहते आहे. वहिनीची भीती मला परकी नाही. लहानपणी त्याच न्हाणीघरात, पाणी तापवायच्या भाणाच्या मागच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवर, तसलाच तपकिरी कोळी बसलेला असे, आणि चुलीतल्या जाळाच्या उजेडात त्याची सावली त्याच्यापेक्षा मोठी होऊन हलत असे. कितीतरी दिवस मी डोळे त्याच्यावर खिळवून अंघोळ केली आहे. एकदा त्याच्या पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती दिसली. आईने सांगितले की ती त्याची नव्हे, तिची अंडी आहेत, आणि ती कोळीण पिले बाहेर पडेपर्यंत ती पिशवी पोटाशी धरून हिंडते. त्यानंतर भीती गेली नाही, पण पाहण्याची ओढ तिच्या जोडीला येऊन बसली, आणि आजही त्या दोन्ही गोष्टी माझ्यात एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत.

सिडनीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात बैठकीच्या भिंतीवर, घड्याळाशेजारी, एक हन्ट्समन कोळी दिसला. नवरा कामावर होता. मी शेजारच्या वृद्ध बाईंचे दार ठोठावले आणि घरात कोळी आहे असे घाईघाईने सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "कुठला?" मला त्या क्षणी तो प्रश्न जवळजवळ निर्दय वाटला. काळा तुकतुकीत आहे की तपकिरी, जमिनीवर आहे की भिंतीवर, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरले आहेत का, असे तीन प्रश्न विचारून त्यांनी एक मोठा काचेचा पेला आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, येऊन कोळ्यावर पेला ठेवला, पुठ्ठा अलगद खाली सरकवला आणि त्याला बागेत सोडून दिले. हन्ट्समन झुरळे खातो, त्याचा दंश दुखतो पण घातक नसतो, आणि जमिनीवर काळा तुकतुकीत कोळी दिसला तर मात्र अनवाणी पाय टाकायचा नाही, एवढे त्या दारात उभ्या उभ्या सांगून गेल्या.

तो काळा तुकतुकीत कोळी म्हणजे सिडनी फनेल-वेब. त्याच्या नराचे विष माणसाला अतिशय घातक ठरते, आणि त्याच्या दंशाने 13 मृत्यू झाल्याची नोंद आहे. स्ट्रुअन सदरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले प्रतिविष 1981 मध्ये वापरात आले, आणि त्यानंतर फनेल-वेबच्या दंशाने एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. हे प्रतिविष ज्या विषापासून बनते ते विष जिवंत कोळ्यांपासून काढावे लागते, आणि ते कोळी मोठ्या प्रमाणावर सामान्य माणसेच पकडून आणून देतात. सिडनीच्या उत्तरेला सॉमर्सबी येथे ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. तिथे हे विष काढण्याचे काम चालते. गेल्या मार्चमध्ये माझ्या घराच्या धुण्याच्या खोलीत फनेल-वेबचा नर सापडला. उन्हाळ्यात आणि त्याच्या अखेरीस हे नर माद्यांच्या शोधात भटकतात. मी रुंद तोंडाची बरणी त्याच्यापुढे आडवी धरली आणि लांब दांड्याच्या डावाने त्याला आत ढकलले. पुढचे पाय उंच करून, दंतनख्या उघडून तो मागे रेलला होता, आणि त्या नख्यांच्या टोकाशी विषाचा एक थेंब मला स्पष्ट दिसला. हा कोळी गुळगुळीत काच चढू शकत नाही हे मला माहीत होते, तरी झाकण लावीपर्यंत हात कापत होते. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीसह ती बरणी मी संकलन केंद्रावर दिली. ज्याची सर्वांत जास्त भीती वाटावी त्यालाच जिवंत नेऊन देण्याची ही रीत मला या देशाच्या अंगची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

ऑस्ट्रेलियन माणूस कोळ्यांना घाबरत नाही असे मात्र कोणी समजू नये. फवारणीचे डबे इथल्या प्रत्येक दुकानात रांगेने असतात, आणि गाडीच्या काचेवर आतून हन्ट्समन आला म्हणून भर रस्त्यात गाडी सोडून उतरलेली माणसे मी पाहिली आहेत. खोटे आळही इथे घेतले जातात. व्हाइट-टेल नावाचा कोळी चावला की मांस सडते असे इथे वर्षानुवर्षे मानले जात होते. 2003 मध्ये इस्बिस्टर आणि ग्रे या संशोधकांनी, कोळी सोबत आणून ओळख पटवलेल्या 130 दंशांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मांस सडल्याचे एकही उदाहरण निघाले नाही. उलट, कोळी निरुपद्रवी आहेत असे सरसकट सांगणेही इथे चालत नाही. लहान मुलांच्या एका ब्रिटिश चित्रमालिकेतला, कोळ्यांना भिऊ नका असे सांगणारा भाग इथल्या सार्वजनिक वाहिनीने 2012 मध्ये दाखवणे बंद केले, आणि ते बरोबरच होते, कारण ब्रिटनमधल्या मुलाला दिलेला धीर सिडनीच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून दादाला माझे पहिले सांगणे असे आहे की वाद "मारावे की ठेवावे" असा मांडूच नये. तो "कुठला?" या प्रश्नापासून सुरू व्हावा. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अंगणात साप निघाला की सावईवेऱ्यात आजही आधी हेच विचारतात. धामण असली तर ती उंदीर खाते म्हणून तिला जाऊ देतात, दिवड आणि नानेटीला कोणी फारसे मनावर घेत नाही, आणि नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे असे उत्तर आले तर मुले आत जातात आणि जाणत्या माणसाला बोलावणे जाते. खरोखर जीव घेऊ शकणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत आपल्या लोकांनी इतकी बारकाईने पारख केली, त्यांना वेगवेगळी नावे दिली, आणि त्या नावांमुळेच निरपराध सापांचा जीव वाचला. कोळ्यांसाठी मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात एकच शब्द आहे, आणि तोही मासेमारांबरोबर वाटून घेतलेला. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल "कुठला?" असे विचारताच येत नाही.

खरे तर आपल्या परंपरेत कोळ्याकडे टक लावून पाहिलेले आहे. मुंडकोपनिषदात अक्षरापासून, म्हणजे अविनाशी ब्रह्मापासून, विश्व कसे उपजते हे सांगताना पहिला दृष्टान्त ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळिणीचा, दिला आहे, जी धागा बाहेर सोडते आणि परत आत घेते. हे नुसते काव्य नाही. चक्राकार जाळे विणणाऱ्या कित्येक जाती जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून नवे विणतात. कोणीतरी पहाटे झाडाखाली बसून ते पाहिले असले पाहिजे.

आता आमच्या घरातल्या मंडळींविषयी. न्हाणीघरातला मोठा तपकिरी कोळी हा सिडनीच्या हन्ट्समनच्याच कुळातला आहे. हेटेरोपोडा वेनाटोरिया हे त्याचे शास्त्रीय नाव. लिनियसने 1767 मध्ये त्याची नोंद केली, आणि गलबतांतल्या मालाबरोबर तो जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरला. तो जाळे विणत नाही, म्हणून घरातल्या एकाही जळमटाचा दोष त्याच्याकडे जात नाही. रात्री तो झुरळे पकडतो, दिवसा फटीत दडतो, आणि हाताने दाबल्याखेरीज सहसा चावत नाही. आढ्याच्या कोपऱ्यात धुरकट जाळी करणारा बारीक अंगाचा, लांब पायांचा कोळी वेगळा; त्याला काठी लागली की तो जाळ्यावर गरगर हलू लागतो. चवथीच्या आधी काठीला हिरांची केरसुणी बांधून आपण जी जळमटे काढतो ती बहुतांशी त्याचीच असतात. ती जरूर काढावीत, त्याला औषधाची गरज नाही.

खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा बोटाच्या पेराहून लहान कोळी माझा सर्वांत आवडता. त्याला आठ डोळे असतात, त्यांतले समोरचे दोन मोठे, आणि आपण बोट पुढे नेले की तो अंग वळवून आपल्याकडे बघतो. बघतो हा शब्द मी पूर्ण जबाबदारीने वापरते आहे. माझ्या मुलीची कोळ्यांची भीती त्याने घालवली नाही, पण गेल्या डिसेंबरात ती त्याच्यासमोर अर्धा तास बसून होती, आणि तिने मला विचारले की मराठीत याला काय म्हणतात. मी "उडी मारणारा कोळी" असे उत्तर दिले, आणि ते नाव नसून वर्णन आहे हे तिच्याही लक्षात आले. तिच्याजवळ इंग्रजीत बारा कोळ्यांची नावे आहेत. कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, पोफळींच्या मधे, पावसाळा सरता सरता, सोनेरी झाक असलेले भलेमोठे जाळे टाकून मधोमध बसणारी काळी-पिवळी मादी, आणि तिच्याच जाळ्याच्या कडेला असलेला तिचा इवलासा नर, यांनाही आमच्याकडे नाव नाही. काजूच्या झाडावरच्या हुमल्यांसारखाच, म्हणजे तांबड्या मुंग्यांसारखाच, तांबडा दिसणारा आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवणारा कोळी तर हुमलाच समजला जातो.

वहिनीच्या बाजूचे एक कारण मात्र नीट पाहिले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या मानेवर जळल्यासारखा लाल पट्टा उठला आणि त्यावर फोड आले. शेजारणीने पाहताक्षणी "कोळी मुतला" असे निदान केले, आणि वहिनीच्या मनात ते पक्के बसले. असे फोड पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या एका बारीक, नारिंगी-काळ्या किड्यामुळे येतात. पेडेरस हे त्याचे नाव. तो चावत नाही, पण आपण त्याला अंगावर चिरडले की त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा द्रव त्वचा भाजून काढतो. भाच्याला तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी हेच सांगितले होते. अंग भाजेल असे मूत्र कोळ्याजवळ नसतेच. सिडनीत व्हाइट-टेलवर जो आळ आला तोच आमच्याकडे न्हाणीघरातल्या कोळ्यावर आला आहे, फरक इतकाच की तिथे दंश झालेली माणसे कोळी घेऊन रुग्णालयात गेली आणि म्हणून आळ फिटला.

करारातल्या फवारणीबद्दलही मला काळजी वाटते. औषध भिंतीवर मारले जाते आणि भिंतीवर कोळी बसलेला असतो. झुरळे तेव्हा मोरीच्या नळीत आणि फरशीखाली असतात. कोळी आपले पाय स्नायूंनी सरळ करत नाही, अंगातल्या द्रवाच्या दाबाने ताठ करतो, आणि मरताना तो दाब गेला की आठही पाय पोटाशी मिटतात. औषध मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी केरात असे मिटलेले दहा-वीस कोळी निघतात, आणि घरमालकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. दोन महिन्यांनी झुरळे परत येतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते.

तरीही वहिनीने त्या घरात धडधडत्या छातीने वावरावे असे मी इथे बसून सांगणार नाही. त्या घरात मी वर्षातून तीन आठवडे राहते, ती रोज राहते, आणि दूर असलेल्या माणसाला माहेरच्या घरातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी हवी असते हे मी स्वतःच्या बाबतीत ओळखून आहे. देवघर, स्वयंपाकघर आणि निजायच्या खोल्या तिच्या. तिथे दिसलेला कोळी भाच्याने पेला आणि पुठ्ठा घेऊन बाहेर न्यायचा, आणि दारांच्या खालच्या फटी सुताराकडून बंद करून घ्यायच्या. न्हाणीघर, पडवी आणि माळा कोळ्यांना सोडायचा. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला, रानातून आणलेली फळे आणि पाने बांधण्याआधी अंगणात झटकून घ्यायची, म्हणजे ऐन पूजेत वरून काही पडणार नाही. वहिनीने हे मान्य केले आहे, मात्र पेला आणि पुठ्ठा आपण हातात घेणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले आहे.

माळ्याच्या दोन वाशांना वाळवी लागल्याचे दादाने काल कळवले. वाळवीपुढे कोळ्यांचे काही चालत नाही, तिथे औषध लागणारच. ते वाशांत भोके पाडून आत भरायचे की सगळ्या माळ्यावर फवारायचे, याची दोन वेगवेगळी अंदाजपत्रके आली आहेत. पहिले महाग आहे. वाढीव खर्चाचा अर्धा भाग मी देते असे मी त्याला कळवले आहे, आणि त्याने चवथीच्या आत काय ते ठरवायचे आहे.