मूल मागे पडतंय हे सांगायचं कुणी?

आठवीपर्यंत मुलांना नापास करावं की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीपुरती मागे ठेवायची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्रानं ती घेतली. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रानंही आपल्या शाळांसाठी तसाच नियम केला. इथे जर्मनीत बसून मी हे सगळं वाचते, बहिणीशी फोनवर त्यावर तावातावानं बोलते, आणि दर वेळी वाटतं, की ज्या मुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या वादात कुठे दिसतच नाहीत.

ही मुलं सातवीपर्यंत वर्गात पुढे असतात. एकदा वाचलं की त्यांच्या लक्षात राहतं, त्यामुळे अभ्यास कसा करायचा हे शिकायची त्यांना कधी गरजच पडलेली नसते. मग नववी येते. माझ्या भाच्याचे गणिताचे गुण असेच एकदम कोसळले. ‘हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही,’ हे घरचं निदान. मोबाइल काढून घेतला, क्लास बदलला. नवा क्लासही नववीचाच पोर्शन पुढे रेटत राहिला. शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त बाईंनी त्याला शेजारी बसवून त्याच्याकडून गणितं सोडवून घेतली, तेव्हा कळलं की समीकरण तो बरोबर मांडतो, पण ऋण संख्या आणि अपूर्णांकांचा भागाकार आला की अडतो. म्हणजे अडचण सहावी-सातवीतली होती आणि उपाय नववीत शोधले जात होते. बाईंनी नववीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मागच्या इयत्तांपासून सुरुवात केली. आज तो वर्गात पहिला वगैरे येत नाही, पण अडलं की विचारतो.

मी राहते त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात नापास करतात. इथे 1 हा सर्वांत चांगला शेरा आणि 6 सर्वांत वाईट. 5 मिळाले की धोका. पण वर्ष संपायच्या बरंच आधी, वसंतात, शाळेकडून पालकांना पत्र येतं. त्याला सगळे ‘निळं पत्र’ म्हणतात. कोणत्या विषयात मूल घसरलंय ते त्यात लिहिलेलं असतं. शाळेनं आधी अशी कल्पनाच दिली नसेल, तर त्या एका विषयातली घसरण मुलाला मागे ठेवताना धरता येत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. मूल मागे पडलं तर ते वेळेवर ओळखून सांगणं ही शाळेची जबाबदारी, आणि ती पाळली नाही तर त्याची किंमत मुलानं मोजायची नाही. शिवाय अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकाबरोबर, कुठे कच्चं आहे आणि काय करावं, याची लेखी शिफारसही द्यावी लागते. हॅम्बुर्ग तर आणखी पुढे गेलं. तिथे मागे ठेवण्याऐवजी शाळेतच मोफत जादा शिकवणी देतात.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, दहा वर्षांच्या वयात, मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटून टाकतात. घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलांना त्याचा फटका बसतो. वर्गात तोंडी सहभागाला इतकं महत्त्व असतं, की अबोल हुशार मुलाचे गुण केवळ गप्प राहण्यानं जातात. या बाबतीत मला आपली लेखी परीक्षा अधिक न्याय्य वाटते.

केंद्राच्या 2024 च्या नियमांतही एक चांगली तरतूद आहे. निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा आहेच, पण त्यातूनही मागे राहिलेल्या मुलाच्या अध्ययनातल्या त्रुटी शोधून वर्गशिक्षकानं त्याला नेमकी मदत करावी आणि पालकांनाही मार्गदर्शन करावं, असं त्यात म्हटलंय. यावर कुणी भांडत नाही. साठ मुलांच्या वर्गात हे करायला शिक्षकाला वेळ कोण देणार, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामांतून त्याला कोण सोडवणार, यावर खरं तर भांडायला हवं. आणि कायदा आठवीला संपतो. दहावीच्या निकालाची टक्केवारी राखायला नववीतल्या कच्च्या मुलांना सतरा नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला सुचवणाऱ्या शाळा आपल्याला ठाऊक आहेत. त्या मुलांना कुणी पत्र पाठवलेलं नसतं.

घरच्यांना माझी एवढीच विनंती आहे. क्लास बदलण्याआधी पोराच्या वहीतल्या चुका वाचा, त्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणच्या असतात. डोळे तपासून घ्या. रात्री किती झोपतो, शाळेत कुणी त्रास देतं का, ते विचारा. वाचायला किंवा लिहायला त्याला इतरांपेक्षा फार वेळ लागत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला लाजू नका. प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळेसारख्या सवलती देतं, पण लोक काय म्हणतील म्हणून कित्येक घरं ते मागतच नाहीत. आणि हे सगळं नववीच्या पहिल्या सत्रातच करा. दहावीच्या सराव परीक्षेपर्यंत थांबलात, तर सहावीपर्यंत मागे जायला त्याच्याकडे वेळ उरणार नाही.