अमाल्फीचं ऊन

इटलीच्या सहलीत बायको पोझितानो गावी गेली आणि मी अमाल्फी गावातच राहिलो, एवढं सांगितलं की लोक आवाज खाली आणून "काही झालं का तुमच्यात?" विचारतात. झालं. बस झाली.

अमाल्फीत बस सुटतात त्या समुद्राकाठी, फ्लाव्हिओ जोया या गृहस्थांच्या पुतळ्यापाशी. होकायंत्र यांनीच शोधलं ही गावाची श्रद्धा. हा माणूस मुळात होऊन गेला का, ही इतिहासकारांची शंका. ते असो. त्यांच्या पायाशी उभ्या पन्नासेक माणसांत कुठली बस कुठे जाते हे एकालाही ठाऊक नव्हतं. रांग नव्हतीच. आपल्या एसटीत निदान खिडकीतून रुमाल तरी टाकता येतो. इथे काचा बंद.

सकाळी कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या चढून गुडघे आधीच कुरकुरत होते. त्यात एक आजी आल्या. काळा झगा, हातात लिंबांची पिशवी. तिथली लिंबं म्हणजे आपल्या लिंबांचे तालमीत जाणारे मामा. आजींनी पिशवी माझ्या पायाशी ठेवली, बोट वर केलं आणि म्हणाल्या, "ऊन अत्तिमो!"

"हो ना, फारच आहे," मी म्हणालो. मराठीत.

आजी खूश. पुन्हा एकदा "ऊन अत्तिमो" म्हणून समोरच्या कॉफीवाल्याकडे गडप. याचा अर्थ 'एक क्षण' होतो, हे मला नंतर कळलं. क्षण वीस मिनिटांचा होता.

बस आली. "अहो, चला!" म्हणत बायको पर्ससकट आत. पर्समध्ये दोघांची तिकिटं. मी पिशवीपाशी. दुसऱ्याची वस्तू टाकून जायचं नाही, हे आईने लावलेलं वळण नेमकं परदेशात नडतं. तेवढ्यात आजी प्रकटल्या, पिशवी उचलली, माझा गालगुच्चा घेतला (मी बावन्न वर्षांचा आहे) आणि चढल्या. माझ्यापुढे ड्रायव्हरचा हात आडवा. "कोम्प्लेतो." म्हणजे बस भरली.

दार बंद.

१३४३च्या वादळात समुद्राने या गावाचा खालचा भाग गिळला म्हणतात. बसचं वेळापत्रकही त्यातच गेलं असणार. व्हिसासाठी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट दिली, ती भर उन्हात पुतळ्याला सोबत करायला? सावलीला एक पत्रा नाही! नवं तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळालं. आयुष्यात सुपारी खाल्ली नाही मी.

तासाभराने बायकोचा मेसेज आला. "आजी किती गोड आहेत हो! मला खिडकीची जागा दिली. दोन लिंबंपण. तुम्ही मागे उभे आहात ना?"