रेती व्ह्यू

गोव्यात राहणाऱ्या माणसाने "आम्ही फिरायला चाललोय" असं कुणाला सांगूच नये, समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, तुम्ही? कशाला? म्हणजे लोकांच्या डोक्यात असं पक्कं बसलंय की आम्ही सकाळी उठतो ते माडाखाली जाऊन आडवे होतो आणि सूर्य बुडाला की अंग झटकून घरी येतो. मी फोंड्याला राहते, शाळेत शिकवते, दारातून समोरचं टायरचं दुकान दिसतं आणि समुद्र मी पाहुणे आले की बघते. पुण्याच्या मावसबहिणीला जैसलमेरचा बेत सांगितला तर म्हणाली, "अगं तिथेही वाळूच ना? मग मिरामारला जा की, पैसे तरी वाचतील."

तिला काय सांगणार, मला वाळू नकोच होती. मला कोरडं व्हायचं होतं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि फोंडा त्यात मुळीच मागे नाही. ऑक्टोबर आला तरी कपाटाचा एखादा कोपरा जूनमध्येच अडकलेला असतो, चपलांवर पांढरी लव, मिठाच्या बरणीत तळं, आणि माझा एकुलता एक स्वेटर, जो लग्नाच्या वर्षी मनालीला जाताना घेतला होता, तो बाहेर काढला तर पाठीवर हिरवट-राखाडी बुरशीचा व्यवस्थित नकाशा आणि वास डांबरगोळ्यांचा. अशा मनःस्थितीत मी कुठेतरी वाचलं की जैसलमेरला वर्षभरात सगळा मिळून २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एवढा आमच्याकडे जुलैत एखाद्या दिवशी पडून जातो आणि त्या दिवशी चर्चा फक्त शाळेला सुटी आधीच द्यायला हवी होती की नाही एवढीच होते. मी तिथल्या तिथे ठरवलं, दोन दिवस का होईना, पण टॉवेल वाळतो अशा गावात जाऊन यायचं.

तारीख पण आयती मिळाली. १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, यंदा शुक्रवारी. ही सुटी गोव्याला, बाकीचा बहुतेक भारत त्या दिवशी ऑफिसात, म्हणजे गर्दी नाही, रेट कमी, असा माझा हिशोब. लगेच ग्रुप काढला, नाव "मरुभूमी", त्यात मी, नवरा, सासूबाई, कळंगुटचे भावजी, जाऊबाई आणि आमचे चिरंजीव. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी उंटाचे स्टिकर टाकले. तो या बेताचा सगळ्यात सुखाचा काळ होता हे नंतर कळलं.

मग नवऱ्याने नकाशा उघडला. नवरा नकाशा उघडतो तेव्हा घरातल्या इतरांनी आपापल्या कामाला लागावं. त्याने आधी सांगितलं की एकटा जैसलमेर जिल्हाच ३८,४०१ चौरस किलोमीटरचा आणि अख्खा गोवा ३,७०२, म्हणजे त्या एका जिल्ह्यात दहा गोवे बसून वर जागा उरते. मग म्हणाला, हव्या त्या दिवशी थेट विमान नाही, तेव्हा मध्ये कुठेतरी बदलून जोधपूरला उतरायचं आणि तिथून गाडीने जवळजवळ २८० किलोमीटर. आता गोव्याच्या माणसाला हा आकडा समजतच नाही हो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खा उभा गोवा १०५ किलोमीटर, आम्ही फोंड्याहून म्हापशाला लग्नाला जायचं तरी दोन दिवस आधीपासून "लांब पडतं" म्हणतो. त्यात गोव्याचे विमानतळ दोन, म्हणून दाबोळी की मोपा हा वाद. मोपाहून तिकीट स्वस्त, पण तिथे पोचायच्या टॅक्सीचे पैसे धरले की दाबोळी स्वस्त, पण दाबोळीहून वेळ अशी की पहाटे तीनला उठा. मग नवऱ्याला रेल्वेचा शोध लागला, मरुसागर एक्स्प्रेस, केरळातून निघते, मडगावला थांबते, अजमेरला जाते. आठवड्यातून एकदा. अजमेरहून पुढे अजून एक रात्र. म्हणजे आमचा वीकेंड सुरतेच्या आसपासच संपणार होता.

पण हे सगळं जमलं असतं. खरी अडचण वेगळीच, आणि ती म्हणजे पर्यटनाच्या राज्यात जन्मलेला माणूस पर्यटक व्हायच्या लायकीचा राहत नाही. त्याला आतलं सगळं माहीत असतं ना. आमच्या भावजींचा कळंगुटला रेंट-अ-बाइकचा धंदा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटरी, आणि घराच्या वर काही खोल्या भाड्याने. त्या खोल्यांच्या जाहिरातीत "सी व्ह्यू" लिहिलेलं आहे. ते खोटं नाही. गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीला धरून डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, आणि शेजाऱ्यांचा माड वाऱ्याने वाकला की दोन इमारतींच्या मधून निळं काहीतरी दिसतं. असा माणूस दुसऱ्याच्या जाहिरातीवर कसा विश्वास ठेवेल?

मी एका कॅम्पची लिंक टाकली, छान पांढरे तंबू, मागे वाळूचे डोंगर, समोर शेकोटी. भावजींचं तासाभराने उत्तर, "हा फोटो झोपून काढलाय. वाळू उंच दिसावी म्हणून." दुसरी लिंक. "यात तंबू एकच आहे, चार कोनांतून घेतलाय." तिसरीत लिहिलं होतं, ड्यून्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, पाच मिनिटांवर. यावर भावजींनी थेट फोनच केला, "वहिनी, पाच मिनिटं कुणाची? माणसाची, जीपची की उंटाची? हे आधी लिहून घ्या." शेवटी रविवारी सगळे फोंड्याला जमले आणि कॅम्पच्या मॅनेजरला स्पीकरवर घेतलं. आमचं हिंदी हा एक स्वतंत्र विषय आहे, तो इथे नको.

"भैया, टेंटसे रेती दिखती है क्या?"

"मॅडम, यहाँ रेती के अलावा क्या दिखेगा?"

मला हे उत्तर पटलं, भावजींना नाही. त्यांनी फोन ओढून घेतला आणि उलटतपासणी चालू केली. कॅम्प जैसलमेरला म्हणताय, पण जैसलमेरला म्हणजे कुठे? तर सम नावाच्या गावाला. सम शहरापासून किती? चाळीस किलोमीटर. भावजींनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या, सापडला! उंटाची फेरी पॅकेजमध्ये, पण किती वेळ? जीप सफारी वेगळी का? कालबेलिया नाच पॅकेजमध्ये, मग पुढच्या खुर्च्यांचे वेगळे पैसे नाहीत ना? कुलधरा दाखवणार, म्हणजे पालीवालांनी एका रात्रीत सोडलं म्हणतात ते ओसाड गाव, तिथली एंट्री कुणी भरायची आणि भूत दिसलं नाही तर काय? मॅनेजर बिचारा प्रत्येक वेळी "हाँजी सर" म्हणत होता आणि मला लाज वाटत होती, पण कान मात्र मीही टवकारून होते, कारण मांडवीच्या बोटीवर पाहुण्यांना घेऊन गेल्यावर देखणी नाच बघताना मीच त्यांना सांगत असते की पुढे बसा, मागे नुसता स्पीकर ऐकू येतो.

किल्ल्यातच राहायचं असं जाऊबाईंचं म्हणणं होतं. सोनार किल्ला, रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवला, पिवळा दगड, उन्हात सोन्यासारखा दिसतो, आणि मुख्य म्हणजे आत अजून माणसं राहतात, दुकानं आहेत, जैन देवळं आहेत. नवऱ्याने मोडता घातला. त्याने वाचलेलं की त्या किल्ल्याचा मोठा शत्रू पाणी, कारण जेमतेम पाणी वापरणाऱ्या लोकांसाठी बांधलेली ती वस्ती, नंतर नळ आले, हॉटेलं आली, पाहुणे दोन-दोनदा आंघोळ करायला लागले, आणि ते सगळं सांडपाणी खालच्या टेकडीत मुरून बुरूज ढासळायला लागले. म्हणजे वाळवंटात आठशे-नऊशे वर्षं उन्हाने काही झालं नाही आणि टूरिस्टांच्या शॉवरने झालं. यावर भावजी, जे एरवी नवऱ्याच्या कुठल्याच मुद्द्याला मान देत नाहीत, एकदम गप्प झाले. डिसेंबरात कळंगुटच्या गल्लीत पहाटे चारला सेप्टिक टँकचे टँकर घरघरतात त्याच्या वरच्याच खोलीत ते झोपतात. "किल्ल्यात नको," एवढंच म्हणाले.

सासूबाईंचे प्रश्न दोनच. एक, देव कुठला. तनोट मातेचं देऊळ आहे, सीमेजवळ, व्यवस्था बीएसएफचे जवान बघतात, १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले तोफगोळे फुटलेच नाहीत आणि त्यातले काही तिथे मांडून ठेवलेत, हे ऐकल्यावर त्यांनी हात जोडले आणि तनोट पक्कं करून टाकलं. ते शहरापासून १२० किलोमीटर आहे हे त्यांना सांगायची जबाबदारी अजून कुणी घेतलेली नाही. आणि दोन, जेवण. मी केर-सांगरीबद्दल समजावलं, झाडाझुडपांची फळं आणि शेंगा, हंगामात तोडून सुकवतात, मग वर्षभर भिजवून भाजी करतात, ताजं काही मिळत नाही तेव्हा हेच. "म्हणजे त्यांचं पुरुमेंतच की गो ते," सासूबाई म्हणाल्या, पुरुमेंत म्हणजे आमची पावसाळ्यासाठीची साठवणीची बेगमी, आणि कधी न बघितलेल्या राजस्थानी बायकांबद्दल त्यांच्या मनात एकदम आपुलकी तयार झाली. तरी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, डब्यात घ्यायचं त्यांनी सोडलेलं नाही. मी म्हटलं, आई, विमानात वास येईल, सगळे वळून बघतील. त्या म्हणाल्या, बघू देत, मागतील पण.

उंटाचं प्रकरण मी मुद्दाम उघडलं नव्हतं, पण चिरंजीवांनी आजीला व्हिडिओ दाखवला. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे वरचा माणूस एकदम पुढे कोसळायला होतो, आणि मग पुढचे पाय उचलले की तेवढाच मागे. सासूबाईंनी तो व्हिडिओ शांतपणे पाहिला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी खाली उभी राहून तुमचे फोटो काढीन." त्यांच्या फोनमध्ये आजवर फक्त त्यांच्याच अंगठ्याचे फोटो आहेत.

थंडीचं तर कुणाच्या लक्षातच नव्हतं. वाळवंट म्हणजे ऊन, म्हणून सगळ्यांनी टोप्या आणि गॉगल काढून ठेवले, आणि मग कळलं की डिसेंबरात दिवसा पंचविसच्या आसपास असलं तरी रात्री सात-आठवर येतं, तेही तंबूत. आम्ही वीस अंशाला कानटोपी घालणारी माणसं. घरात रेनकोट माणशी दोन, स्वेटर सगळ्यांत मिळून एक, तोही बुरशीवाला.

एवढं सगळं होऊन बुकिंगपर्यंत आलो आणि मॅनेजर म्हणाला, "सर, बीस तारीखसे रेट डबल, न्यू इयर तक." तेव्हा भावजींनी कॅलेंडर बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. वीस तारखेपासून त्यांचेही रेट डबल. त्या दिवसांत दुकान सोडून वाळवंटात जाणं म्हणजे वर्षाची कमाई तिथेच पुरून येणं. मग जानेवारी काढला, तेव्हा त्यांचे परदेशी लोक. फेब्रुवारीत जैसलमेरला मरु महोत्सव असतो म्हणे, तीन दिवस, माघ पौर्णिमेला संपतो. माघ पौर्णिमा म्हटल्याबरोबर सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मंगेशीची जत्रा. विषय संपला. मार्चात माझ्या शाळेच्या परीक्षा आणि शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. भावजी मोकळे होतात ते पाऊस सुरू झाल्यावर, आणि त्याआधी मे महिन्यात तिकडे काय असतं तर त्याच भागातल्या फलोदीला २०१६ साली ५१ अंश नोंदवले गेले होते. म्हणजे यांचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, आमचाही ऑक्टोबर ते मार्च. ते रिकामे तेव्हा आम्ही रिकामे, आणि तेव्हा दोघांकडे जायच्या लायकीचं काही नाही.

हे भावजींनी मॅनेजरला जसं जमेल तसं सांगितलं, आणि पलीकडे तो एकदम मोकळा झाला. सर, मेरा भी यही रोना है, म्हणाला, बायको लग्नापासून गोवा-गोवा करतेय, पण सीझनला कॅम्प सोडता येत नाही आणि सुटी मिळते ती जुलैत. मग पुढचा अर्धा तास त्या दोघांनी काय काय बोलावं! कमिशन किती कापतात, रिव्ह्यूत लोक काय वाटेल ते लिहितात, एक तारा देणाऱ्यांचं काय करावं, भाड्याने नेलेली गाडी वाळूत घालून रुतवणारे टूरिस्ट दोन्हीकडे सेम. आम्ही बाकीचे चहा पीत बसलो. भावजी म्हणाले, जुलैत या, पाऊस बघा, आधा रेट. तो म्हणाला, समुद्रात जाता येतं ना? भावजी म्हणाले, बघता येतं. तो म्हणाला, खोलीतून दिसतो का? "सी व्ह्यू है," भावजी म्हणाले. बीच किती दूर? माझ्या डोळ्यांत डोळे घालून, पापणीसुद्धा न लववता भावजी म्हणाले, "पाँच मिनट. वॉकिंग."

फोन ठेवायच्या आत त्याचा ॲडव्हान्स आला सुद्धा. चार माणसं, तीन रात्री, जुलै. आमचं अजून ग्रुपवर चाललंय, नवऱ्याने काल कच्छचा नकाशा टाकलाय. सासूबाईंची चौकशी एवढीच, की ती राजस्थानची माणसं नुस्तं, म्हणजे मासे, खातात का, नसतील खात तर खतखतं, आमची मिसळीची भाजी, तरी करून पाठवते म्हणाल्या.